बकरीची टोपली

नानाजींच्या अंगावर कोट दिसला आणि वैभवीला पहिली मळमळ तिथंच आली, गावच्या फाट्यावर, जीपमधून उतरताना.

नानाजींच्या तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, राहिलेलं सामान घेऊन ती रिसोडहून परतत होती. सकाळी जाताना फाट्यावर काही नव्हतं. आता दोन बांबूंना बांधलेलं भलंमोठं फ्लेक्स उभं होतं आणि त्यावर तिचे आजोबा. म्हणजे डोकं आजोबांचं. मानेखाली काळा कोट, लाल टाय, आणि छातीवर घडी घातलेले कुणाचे तरी गुबगुबीत गोरे हात. एका मनगटावर सोनेरी घड्याळ. ज्या माणसानं जन्मभर बंडी आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याशिवाय काही अंगावर घेतलं नाही, ज्याच्या बोटांना वांग्याच्या काट्यांनी घट्टे पाडले होते, त्याला मेल्यावर हे दुसऱ्याचे हात चिकटवले होते. फोटोवाल्यानं हौसेनं सुरकुत्याही पुसल्या होत्या आणि पुढचा पडका दात बसवून दिला होता. त्या दाताच्या फटीतून नानाजी शीळ घालायचे. आता ती फटच राहिली नव्हती.

वर लिहिलं होतं ‘कृषिमहर्षी’. खाली, नानाजींच्याच मापाचा, हात जोडलेला दुसरा फोटो वैभवीच्या वडिलांचा. नरेंद्रभाऊ. शोकाकुल, पण हसरे. जिल्हा परिषदेच्या सर्कलची निवडणूक तोंडावर आली होती.

‘आपला बाप स्वतःच्या बापाला विकतोय,’ वैभवीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच जीभ कडू लागली. तिनं पिशव्या उचलल्या आणि फ्लेक्सकडे पाठ करून ती घराकडे चालू लागली.

नानाजी घरातही नानाजी, गावातही नानाजी आणि रिसोडच्या बाजारातही नानाजीच. नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा. दिवस उगवायच्या आत वाफ्यांना पाणी, मग तोडणी, मग निवडणं, आणि बाजाराच्या दिवशी टोपल्या जीपच्या टपावर चढवून रिसोड. एवढं राबणारा दुसरा कुणी कपाळाला आठ्या घालून बसला असता. पण हे गृहस्थ कामाशी खेळायचे. रंगूबाई आजी भाकरी करायला बसली की तिची एक चप्पल गायब व्हायची. ती वांग्यांच्या टोपलीत सापडायची. आजी शिव्यांचा पट्टा सुरू करायची आणि नानाजी काटा हातात घेऊन गंभीरपणे विचारायचे, ‘तोलू काय वो? निस्ती माती भरून हाय हिच्यात, मातीचं वजन कापा लागते.’ एकदा मक्याच्या कणसाच्या केसांची मिशी लावून ते वैभवीच्या शाळेच्या दारात उभे राहिले आणि नव्या मास्तरांना म्हणाले, ‘तपासनीले आलो.’ मास्तरांनी खुर्ची पुढं केली, नानाजी बसले, पाणी प्याले, मुलांना पाढे विचारले. मिशी पाण्याच्या पेल्यात पडली तेव्हा कुठं मास्तरांच्या लक्षात आलं.

आणि हाच माणूस, आजी टायफॉइडनं अंथरुणाला खिळली तेव्हा चुलीपुढं बसला होता. बाप्यानं भाकरी थापायच्या म्हणून गाव हसलं. नानाजींनी हसणाऱ्यांनाच जेवायला बोलावलं. त्या दिवसांत आई नसलेल्या वैभवीची वेणीही तेच घालायचे. पेंढी बांधायची सवय असलेल्या हातांची वेणी. ती इतकी घट्ट बसायची की पोरीच्या भुवया वर चढायच्या. शाळेत सगळे विचारायचे, ‘तू एवढी चकित काहून दिसून राह्यली?’

पण नानाजींची खरी ओळख म्हणजे त्यांची आरोळी. रिसोडच्या बाजारात जो तो ओरडायचा, ‘एक नंबर माल! एक नंबर!’ सडक्या टमाट्यांवर पाणी शिंपडायचं आणि एक नंबर म्हणायचं. नानाजींना त्याचा वीट आला. एका बाजाराला त्यांनी टोपलीमागं मांडी घातली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, ‘किडके वांगे, किडके! घेऊ नका वो बाई, पस्तावसान!’

बाया थबकल्या. हसल्या. टोपलीत डोकावल्या. वांगी अशी चकचकीत की तोंड पाहून घ्यावं. त्या दिवशी त्यांची टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी झाली, आणि तीच त्यांची आरोळी झाली, कायमची.

खरोखरच किडकं निघालेलं वांगं मात्र ते देठाशी धरून चारचौघांना दाखवायचे, दोन्ही हात जोडायचे आणि म्हणायचे, ‘हे भल्लं चांगलं हाय. हे आपल्याले नाई झेपत. हे माह्या बकरीले.’ आणि बाजूला ठेवलेल्या फुटक्या टोपलीत ते टाकून द्यायचे. ती बकरीची टोपली.

भल्लं म्हणजे वऱ्हाडात फार. पण नानाजींच्या तोंडी ‘भल्लं चांगलं’ आलं की समजायचं, आत अळी आहे. ही उलटी भाषा बाजारातून घरात शिरली. आजीचं पिठलं झकास झालं की ते किडकं. वैभवी नर्सिंगला लागली तेव्हा ‘किडकी निघाली पोट्टी!’ म्हणत त्यांनी गावभर पेढे वाटले. आजीला तर ते चारचौघांत ‘माही किडकी रंगू’ म्हणायचे आणि ती पदरानं तोंड झाकायची. उलट, वजनात मारणारा अडत्या, सुनेला छळणारा शेजारी, हे सगळे भल्ले चांगले. बाजारात त्यांच्या उजव्या हाताला कांदे घेऊन बसणारा गोपीचंद आणि डाव्या हाताला मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी हौसाबाई, दोघांच्याही तोंडी ही भाषा बसून गेली होती.

नरेंद्रला मात्र बाजाराचं वावडं. शाळेत होता तेव्हापासूनच तो बापाच्या टोपलीजवळ उभा राहायचा नाही. पुढं त्यानं रिसोडला बी-बियाण्यांचं दुकान टाकलं, पांढरे कपडे घालू लागला, आणि कुणी ‘नानाजी वांगेवाल्याचा का तू?’ म्हणून विचारलं की त्याचा चेहरा पडायचा. आता तोच नानाजी त्याला हवा होता. फक्त वांगी वगळून.

घरापुढच्या मांडवात वैभवी पोचली तेव्हा स्वयंपाक उकळत होता. कढईत पनीर, वर बोटभर तेलाचा थर. आजी ओट्यावर बसून त्या तेलाकडे बघत होती.

‘नरेंद्रा,’ ती म्हणाली, ‘वांगे नाई केले? रोडगे-वांगे पायजे होते. त्यायच्या तेरवीले दुसरं काय शोभते?’

‘आई, मोठे लोक येऊन राह्यले,’ नरेंद्र म्हणाला. पूर्वी तो तिला माय म्हणायचा. ‘त्यायच्या ताटात वांगे वाढू काय?’

‘मळ्यात झाडाले लटकून राह्यले ना, त्यायनं सोतः लावलेले.’

‘आई, वांग्याचा विषय आज नोको.’

आजीनं वैभवीच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, आणि त्या कुठं ठेवायच्या हे न सुचून तशाच मांडीवर धरून ठेवल्या. नरेंद्रनं वैभवीला बाजूला घेतलं.

‘एक काम कर. आजीले दोन वाक्यं पाठ करून दे. बाबाईचा आशीर्वाद नरेंद्राच्या पाठीशी होता, तुमीही पाठीशी राहा. एवढंच. मंग ती रडली तरी चालते. रडली तं चांगलंच.’

वैभवी त्याच्याकडे बघतच राहिली. गळ्यात सोनसाखळी, डोळ्यांत जागरणाची लाली, आणि ओठांवर हे.

‘रडली तं चांगलंच?’ ती म्हणाली. ‘बाबा, आजीले तुमी स्टेजवर उभं करणार? मतं मांगाले?’

‘मतं कोन मांगून राह्यलं? आईचा आशीर्वाद मांगून राह्यलो मी.’

‘मी नाई शिकवत. अन् आजी पन नाई म्हननार.’

‘म्हनतो ना मी,’ ओट्यावरून आजीचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘सांगू दे काय म्हनाचं ते. म्हनतो.’

वैभवीला वाटलं, कुणीतरी तोंडात मारली. तिचा भरवसा होता तो एका आजीवर. या सगळ्या चिकट, तेलकट कारभारात एक आजी तेवढी नानाजींची उरली होती, आणि तीही निघाली होती मान डोलवायला. वैभवीला बापाची शिसारी आली होतीच. आता आजीचाही राग आला, आणि आजीचा राग आला म्हणून स्वतःचाही. पाठ करून दिलं शेवटी नरेंद्रनंच. आजी शहाण्या मुलासारखी त्याच्यामागं म्हणत राहिली.

पाहुणे आले. पांढऱ्या गाड्या आल्या. सोफे मांडवात पुढं, खुर्च्या मधे, आणि सगळ्यात मागं ताडपत्रीवर बाजारातली माणसं. गोपीचंद होता, हौसाबाई होती, नानाजींची टोपली वर्षानुवर्षं टपावर चढवणारा जीपवाला मुन्ना होता. त्यांची पंगत शेवटची. पुढच्या पंगतीतल्या लोकांनी पनीर चापलं आणि हात धुवायला ते मागच्या अंगाला गेले. तिथं नानाजींचा सांबाराचा वाफा होता. त्यांनी शेवटचा पेरलेला. कोवळी कोथिंबीर नुकती कुठं वर आली होती. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या लोकांनी त्यातच खरकटे हात धुतले, खळखळून चुळा भरल्या, पानाच्या पिचकाऱ्या टाकल्या. एकानं दात कोरून काडी तिथंच फेकली. वैभवी पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं जग खाली ठेवला, गोठ्यामागं गेली आणि खरोखरच ओकली.

ती परतली तेव्हा वीरेंद्र माइकवर होता. लग्नं असोत, वाढदिवस असोत, तेरव्या असोत, निवेदन याचंच. आवाजात तूप.

‘कैलासवासी नानाजी म्हणजे धीरगंभीर व्यक्तिमत्त्व! शिस्तीचे भोक्ते! मितभाषी! त्यांच्या चेहऱ्यावर कधी कुणी हास्य पाहिलं नाही, कारण समाजाची चिंता त्यांना झोपू देत नव्हती!’

मागं ताडपत्रीवर गोपीचंदनं हौसाबाईकडे पाहिलं. ‘हे कोनाची तेरवी हाय वो?’ त्यानं हळूच विचारलं. हौसाबाईनं त्याला कोपर मारलं.

वैभवीच्या मुठी वळल्या. मरण एकदा आलं ते परवडलं. वाफ्याच्या कडेला लिंबाखाली बसल्या बसल्या नानाजी गेले. हातात खुरपं, तोंडावर उन्हाचा कवडसा. ते मरण स्वच्छ होतं. हे दुसरं मरण मात्र ओंगळ होतं. या माणसाची शीळ, चपलांची चोरी, मक्याची मिशी, सगळं खरवडून काढून त्याच्या जागी एक चिंताग्रस्त कोटवाला बसवत होते, आणि माणसं माना डोलवत होती.

मग नरेंद्र उभा राहिला. माइक हातात घेतला, डोळे मिटले.

‘माझ्या वडिलांनी मला इस्टेट दिली नाही,’ तो म्हणाला, ‘पण एक प्रमाणपत्र दिलं. मी लहान होतो तेव्हापासून, ते जाईपर्यंत, ते मला एकच वाक्य म्हणायचे. हात जोडून म्हणायचे. बाप असून लेकापुढं हात जोडायचे! म्हणायचे, नरेंद्रा, तू भल्ला चांगला हायेस.’

त्याचा आवाज फाटला. सोफ्यावरच्या माणसांनी च्, च् केलं.

ताडपत्रीवर कुणी हललं नाही. मुन्नाचा हात तंबाखू मळता मळता थांबला. वैभवीला एकदम कळलं की तिनंही ते वाक्य ऐकलं होतं. शेकडो वेळा ऐकलं होतं. बाबा दुकानातून आले की नानाजी हात जोडून म्हणायचे, ‘आले, भल्ले चांगले आले!’ आणि बाबा खुशीत मिशी चाचपायचे. ती थट्टा आहे आणि ती बाबांनाही ठाऊक आहे, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. पण बाबांना ठाऊक नव्हतं. घरात राहून, त्याच ताटात जेवून, या माणसाला आपल्या बापाची भाषा कधी आलीच नव्हती.

‘आता माझी माउली दोन शब्द बोलेल,’ नरेंद्र म्हणाला आणि त्यानं आजीच्या दंडाला धरून तिला पुढं आणलं.

आजीनं माइक दोन्ही हातांनी पकडला. आधी तिनं पुढच्या सोफ्यांकडे पाहिलं. मग मागं, ताडपत्रीकडे. तिथं तिची नजर जराशी थांबली.

‘मले बोलता येत नाई,’ ती म्हणाली. ‘यानं पाठ करून देल्लं होतं, ते बी इसरलो. मंग मी नानाजी म्हनत जायचे तेच म्हनतो.’ तिनं माइक नरेंद्रच्या हातात कोंबला, आणि मोकळे झालेले हात त्याच्यापुढं जोडले. आवाज असा लावला की माइकची गरज राहिली नाही. ‘माहा नरेंद्र भल्ला चांगला मानूस हाय. एक नंबर माल. याच्यात एक बी कीड नाई!’

पुढं टाळ्यांचा कडकडाट झाला. सोफ्यावरच्या एकानं डोळ्याला रुमाल लावला. आणि मागं, ताडपत्रीवर, गोपीचंदला ठसका लागला. हौसाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तिचे खांदे गदागदा हलू लागले. मुन्ना पुटपुटला, ‘बकरीले!’ आणि मग तर ती सगळी पंगतच डोकी गुडघ्यांत घालून बसली. पुढच्या लोकांना वाटलं, गरीब माणसं आहेत, धाय मोकलून रडताहेत.

नानाजी गेल्यापासून वैभवी पहिल्यांदा हसली. हसता हसता तिनं बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यात राहिलं. नरेंद्र रडत होता. पाठ केलेलं रडणं नव्हतं ते. नाक वाहत होतं, तोंड वाकडं झालं होतं, आईच्या जोडलेल्या हातांवर कपाळ टेकून तो लहान पोरासारखा हुंदके देत होता.

मांडव उतरल्यावर आजी सांबाराच्या वाफ्याशी वाकून पानाच्या पिचकाऱ्यांवर तांब्यानं पाणी ओतत होती. वैभवी तिच्याजवळ जाऊन बसली.

‘आजी, तू मुद्दाम म्हनलं ना?’

‘राग आला होता,’ आजी म्हणाली. ‘वांगे नाई करू देल्ले त्यानं.’

‘अन् नानाजी? ते पन बाबाले जन्मभर हेच ऐकवत होते?’

आजीनं तांब्या खाली ठेवला. ‘नाई वो पोट्टे. त्याची गोष्ट येगळी हाय. नरेंद्र शाळेत होता. याच्या सोबतचे पोट्टे बाजारात आले, अन् तुह्या नानाजीनं सवयीनं हाक मारली, ये रे माह्या किडक्या! पोट्ट्याईनं तेच धरलं. शाळेत किडका, गल्लीत किडका. हा घरी येऊन लय रडला. म्हने, बाबा, आजपासून मले किडका म्हनाचं नाई, चांगला म्हनाचं. यायनं हात जोडले. म्हने, चुकलं बाप्पा, आजपासून तू चांगला. शब्द देल्ला तो पाळला.’

‘म्हनजे बाबा त्यायले कधीच आवडले नाई?’

‘असं कसं? लेकरू हाय ना त्यायचं.’ आजीनं चिखलातली एक काडी उचलून वाफा सरळ केला. ‘हा निजला का हे हळूच जाऊन बसत. डोक्यावरून हात फिरवत अन् कानापाशी म्हनत, माहा किडका. लगीन झालं, पोरगी झाली, तरी बी. दुपारचा वसरीत लवंडला असला का जाऊन म्हनून येत. जागेपनी एक डाव बी नाई म्हनलं.’

वैभवीनं खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि ती पाणी आणायला गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आजीनं तिला मळ्यातली वांगी घेऊन रिसोडला पाठवलं. झाडावरच पिकून वाया चालली होती. मुन्नानं टोपल्या टपावर चढवल्या, आणि फुटकी टोपलीही विसरला नाही. बाजारात उतरल्या उतरल्या वैभवीला ते दिसलं. नानाजींच्या बसायच्या जागेमागं, विजेच्या दोन खांबांना बांधलेलं नवंकोरं फ्लेक्स. हात जोडलेला नरेंद्र, आणि अक्षरं हातभर उंचीची: ‘माहा नरेंद्र भल्ला चांगला मानूस हाय!’ खाली बारीक, ‘मातोश्री रंगूबाई’.

‘गावात असे लय लावले,’ गोपीचंद कांद्यांची टरफलं झटकत म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. ‘आमी तं सकाळपासून दर्शन घेऊन राह्यलो. हौसाबाई उदबत्ती लावा म्हनून राह्यली.’

वैभवीला हसू आलं नाही. तिनं पोतं अंथरलं, वांगी मांडली, काटा टांगला. नानाजींची आरोळी ठोकायचा तिनं दोनदा प्रयत्न केला, पण ‘किडके’च्या पुढं ती गेली नाही. मग ती मुकाट्यानं निवडायला बसली. चांगली पुढं, किडकी बकरीच्या टोपलीत. तेरवीला बाप हुंदके देत होता ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तो इतका रडला तर त्याला ते सांगून टाकावं. नानाजींनी कानापाशी म्हटलेलं. ते ऐकायचा हक्क जगात एकट्या त्यालाच होता. आज घरी गेल्यावर सांगायचं, तिनं ठरवलं.

तेवढ्यात ढोल वाजला. नरेंद्र प्रचाराला आला होता. गळ्यात हार, मागं पंधरा-वीस पोरं, शेजारी कॅमेरा घेतलेला वीरेंद्र. ओळीतले भाजीवाले एकेक उठून हात जोडत होते. ‘भल्ले चांगले, साहेब! भल्ले चांगले!’ नरेंद्र फुलून गेला होता. नानाजींच्या जागेपाशी येऊन तो थबकला. पोरीला पोत्यावर बसलेली पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण वीरेंद्रनं कानात सांगितलं, ‘भाऊ, झकास फोटो होईल, मातीशी नाळ.’ आठी मावळली. नरेंद्र उकिडवा बसला, आणि हाताशी आलेल्या टोपलीतून त्यानं एक वांगं उचलून छातीशी धरलं.

बकरीच्या टोपलीतून.

‘हे माझ्या वडिलांच्या घामाचं वांगं,’ तो कॅमेऱ्याला म्हणाला.

‘घ्या साहेब,’ गोपीचंद हात जोडून म्हणाला, ‘भल्लं चांगलं हाय.’

आख्खी ओळ हसली. या वेळी कुणी गुडघ्यांत डोकं घातलं नाही. नरेंद्रनं इकडंतिकडं पाहिलं, मग हातातल्या वांग्याकडे. देठाजवळ भोक होतं. भोकातून गुलबट अळीनं डोकं बाहेर काढलं होतं. त्यानं टोपलीत पाहिलं. सगळीच तशी. ती फुटकी टोपली त्यानं लहानपणापासून पाहिलेली होती. मग त्याची मान हळूहळू वळली आणि तो पाठीमागच्या फ्लेक्सकडे बघत राहिला. एकेक अक्षर वाचत असल्यासारखा.

‘वैभवी,’ तो म्हणाला. आवाज इतका बारीक की तो तिलाच ऐकू गेला. ‘बाबा मले... हेच म्हनत होते?’

घरी जायची गरजच नव्हती. एवढंच वाकायचं, त्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि म्हणायचं. तिनं श्वास घेतला. ती वाकलीही.

‘भाऊ, इकडं पाहा! उजेड चालला!’ वीरेंद्र ओरडला.

आणि नरेंद्रनं पाहिलं. एका क्षणात चेहरा पुसला गेला, ओठ ताणले गेले, डोळ्यांत ते फ्लेक्सवरचं हसू आलं. त्यानं अंगठ्यानं अळी आत ढकलली, भोकाची बाजू तळहाताकडे वळवली, आणि वांगं कॅमेऱ्यापुढं उंच धरलं. ढोल पुन्हा वाजू लागला.

वैभवी मागं सरकली. ओठांपर्यंत आलेला नानाजींचा शब्द तिनं गिळून टाकला. शिसारी तिला पूर्वीही आली होती, पण या वेळी तिच्यात राग नव्हता, नुसती शिसारीच होती.

‘कसा आला?’ नरेंद्रनं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढं धरला. तो अजून हसतच होता, पण नजर तिच्या तोंडावर खिळली होती, काहीतरी मागत असल्यासारखी.

वैभवीनं त्याच्या हातातून ते वांगं काढून घेतलं, बकरीच्या टोपलीत टाकलं, आणि आपल्या बापापुढं दोन्ही हात जोडले.

‘भल्ला चांगला,’ ती म्हणाली.